चार महिन्यांसाठी सोनाळ्याला

मुलीला आम्ही सोनाळ्याला, माझ्या गावी माय-बाबांकडे ठेवलं ते चार महिन्यांसाठी. ती तेव्हा अडीच वर्षांची होती. मी मेलबर्नमध्ये लिफ्ट बसवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. बायको दातांची डॉक्टर, पुण्याची. तिकडे दवाखान्यात काम करायचं तर तिकडची परीक्षा द्यावी लागते, आणि तिची तयारी सगळा दिवस खाते. घरात तिसरं माणूस नाही. म्हणून जानेवारीत आम्ही तिघं गावी आलो आणि फेब्रुवारीत दोघंच परत गेलो.

निघताना माझी माय म्हणाली, "चार महिने म्हंजे काय बे? असे निंघून जातात. तुमी पेपराकडे पाहा."

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर परीक्षेच्या तारखेला गोल केला. मुलगी तेव्हा अंगणात कोंबडीच्या मागे धावत होती. तिने आमच्याकडे पाहिलंही नाही, आणि ते आम्हाला बरंच वाटलं.

मार्चमध्ये साथीच्या बातम्या यायला लागल्या. एका सकाळी बाबांचा फोन आला.

"पेपरात येऊन राह्यलं का विमानं बंद होनार. तू म्हनशीन तं मी पोरीले घेऊन मुंबईले येतो. तू विमानतळावर ये अन् तिथूनच घेऊन जा."

"बाबा, इतलं काई नाई," मी म्हणालो. "पंधरा दिवसांत होते सारं सुरळीत."

त्या आठवड्यात एका नव्या इमारतीच्या लिफ्ट तपासून ताब्यात द्यायच्या होत्या आणि त्या कामावर माझी सही लागणार होती. बायको म्हणाली, मी जाते. मी तिला म्हणालो, परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे, आता चार दिवस घालवू नकोस. ती थांबली. त्याच आठवड्यात तिथल्या सरकारने सीमा बंद केली, पाठोपाठ आपल्याकडची विमानं थांबली. आणखी काही दिवसांनी परीक्षाही रद्द झाली. तो ईमेल बायकोने मला वाचून दाखवला नाही. लॅपटॉप माझ्यासमोर उघडा ठेवून ती अंघोळीला गेली.

आम्ही तिथले नागरिक नव्हतो, कायमचे रहिवासीही नव्हतो. व्हिसा नोकरीपुरता. अशा लोकांसाठी नियम सरळ होता. आत आहात तर आत राहा. बाहेर गेलात तर परत येता येणार नाही. जे बाहेर अडकले, ते बाहेरच. अपवाद हवा असेल तर अर्ज करा. नागरिकांच्या मुलांना सवलत होती, आमच्या मुलीला नव्हती.

लोक अजूनही विचारतात, तुमच्यापैकी एक जण सरळ निघून का नाही गेला? विचारणाऱ्यांना मी नियम सांगतो. खरं उत्तर असं की मला भीती वाटली. सोनाळ्याहून निघून मी अकोल्याला शिकलो, मग पुण्यात, मग तिथे. इतक्या वर्षांचं सगळं एका तिकिटावर सोडून द्यायचं धाडस माझ्यात नव्हतं. बायकोने दोनदा बॅग भरली. दोन्ही वेळा मी तिच्यासमोर बसून तिला समजावलं. 'समजावलं' हा शब्द मी तेव्हा फार सहज वापरायचो.

मुलगी रोज फोनवर दिसायची. तिच्या सकाळी आमची दुपार. पहिले काही महिने ती पडद्याला हात लावायची, मम्मी म्हणून हाका मारायची. मग ती माझ्या आईला 'माय' म्हणायला लागली, कारण मी तिला माय म्हणतो आणि शेजारची पोरंही आपल्या आयांना तेच म्हणतात. बायकोचं नाव 'मोबाईलवाली मम्मी' पडलं. बोलणं सगळं आमच्या गावचं झालं, जिथे बायाही 'मी जातो' म्हणतात. "मले नाई बोलाचं. मी खेळून राह्यलो," असं म्हणून ती पळून जायची. सुरुवातीला बायको त्या बोलण्यावर हसायची. नंतर तिला काही शब्द कळेनासे झाले आणि ती मला हळूच विचारायची, काय म्हणाली ती?

अर्ज आम्ही करत राहिलो. प्रत्येक वेळी दोन परिच्छेदांचं तेच उत्तर यायचं: पुरेसं सबळ कारण दिसत नाही. आमच्यासारखीच काही कुटुंबं तिथे होती, कुणाचं मूल केरळात, कुणाचं पंजाबात. त्यांच्यातल्या एकाने सांगितलं, मुलाच्या तब्येतीवर परिणाम होतोय असं डॉक्टरांचं पत्र जोड, मग ते ऐकतात. त्याचं काम त्यावर झालं होतं.

मी बाबांना फोन केला. शेगावचा एक बालरोगतज्ज्ञ त्यांच्या माजी विद्यार्थ्याचा भाऊ होता.

"बाबा, एक पत्र पाह्यजे. पोरगी जेवत नाई, झोपत नाई, मायबापासाठी रडते, असं लिहून आना."

ते म्हणाले, "पन ते तं जेवते. आताच दोन भाकरी खाल्ल्या तिनं दुधात."

"बाबा, कागदावर लिहाचं आहे फक्त."

"हासत-खेळत लेकराले बिमार म्हनून लिहून आनू? काऊन? अन् उद्या खरंच काई झालं तं?"

मला राग आला. इतका राग मला त्यांच्यावर आधी कधी आला नव्हता. मी म्हणालो, "तुमाले तिले द्याचंच नाई. म्हनून तुमी असं करून राह्यले."

पलीकडे मायने फोन घेतला आणि म्हणाली, "काय बोलला रे तू त्यायले?" मी फोन ठेवला.

त्यानंतर दीड महिना मी बाबांशी बोललो नाही. मुलीला बघायला फोन व्हायचा, पण तो माय धरायची. मागे बाबा खुर्चीत पेपर वाचताना दिसायचे. ते पान उलटायचे नाहीत. तेवढ्यात, दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, आपल्याकडे साथीची ती वाईट लाट आली आणि सोनाळ्यात घराघरात माणसं आजारी पडली. बाबांनाही ताप आला, ऑक्सिजन खाली आला आणि त्यांना अकोल्याला न्यावं लागलं. नऊ दिवसांनी ते घरी आले तेव्हा मी पहिल्यांदा बोललो. त्यांनी विचारलं, "तिकडे थंडी हाय का?" मी हो म्हणालो. माफी मागायची राहून गेली. त्या वेळी वाटलं, प्रत्यक्ष भेटल्यावर मागू.

त्याच वर्षी डिसेंबरात नियम उघडले. आमच्यासारख्या व्हिसावाल्यांना ये-जा करता येणार होती. बायकोने नुकतीच तीच परीक्षा दिली होती आणि दवाखान्यात लागली होती, म्हणून जानेवारीत मी एकटा आलो. तीन आठवड्यांची रजा होती. बेत असा की मुलीला आधी माझी सवय होऊ द्यायची, मग माय-बाबांना घेऊन थोडं फिरायचं, मग हळूहळू तिला सांगायचं.

पण मी मुंबईत उतरलो त्याच आठवड्यात परदेशातून येणाऱ्यांना सात दिवस घरात वेगळं राहायचा नियम लागला. मी वरच्या खोलीत राहिलो. माय जेवणाचं ताट जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ठेवायची. मुलगी आता साडेचार वर्षांची, दोन वेण्या घातलेली, अंगणातून वर बघायची.

"तू मोबाईलवाला पप्पा आहेस ना?" तिने पहिल्या दिवशी विचारलं.

"हाव."

"मंग खाली काऊन नाई येत?"

"मले सात दिवस येता येत नाई."

"बिमार आहेस?"

"नाई."

तिला ते काही पटलं नाही. ती निघून गेली.

आठव्या दिवशी मी खाली आलो. ती मायच्या लुगड्यामागे गेली. तीन-चार दिवस मी तिला शेतात नेलं, संत्र्याच्या झाडाखाली बसून आम्ही संत्री सोलली, संग्रामपूरच्या बाजारातून तिला बांगड्या आणल्या. ती जरा बोलायला लागली होती. इतक्यात बायकोचा फोन आला. विषाणूचा नवा प्रकार पसरतोय, पुन्हा सीमा बंद करतील असं तिथे सगळे बोलतायत. "तू आत्ताच निघ," ती म्हणाली. "मी आता थांबू शकत नाही. माझ्याच्याने होणार नाही." गेल्या वेळी थांब म्हणणारा मीच होतो. या वेळी मी तिला थांब म्हणूच शकलो नाही. मी तिकीट आठ दिवस अलीकडे आणलं. सीमा पुढे बंद झाली नाहीच. ते आठ दिवस आम्हाला मिळाले असते.

विमान सुटायच्या आधी बहात्तर तासांच्या आतला, संसर्ग नसल्याचा तपासणीचा रिपोर्ट हवा होता. नमुना अकोल्यात द्यायचा, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी, त्यात शेगावहून मुंबईची गाडी. एक तास इकडे-तिकडे झाला तर सगळं फुकट. त्या तासांच्या हिशेबात मी इतका गुंतलो की मुलीला सांगायचं राहिलं. शेवटच्या सकाळी मी मायला म्हणालो, "तिले सांगू की आपन शेगावले चाललो. संध्याकाळी वापस येऊ."

माय भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"खोटं नोको सांगू. खरं सांग तिले. रडन, पन समजन तिले."

"माय, ते रडत बसली तं गाडी चुकन."

"मंग मले सांगू दे. मी सांगतो तिले."

"नाई," मी म्हणालो. "आता टाइम नाई."

बाबा बाहेर ओसरीवर होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण या वेळी ते काही बोलले नाहीत. मागे बोलले तेव्हा मी काय उत्तर दिलं होतं, ते त्यांच्या लक्षात असणार.

मुलगी आनंदाने शेगावला सोडणाऱ्या गाडीत बसली. खिडकीतून ओरडून म्हणाली, "माय, मी तुह्यासाठी कचोरी आनतो. बाबासाठी बी."

"आन," माय म्हणाली. "सांभाळून जाजो." ती गाडीच्या जवळ आली नाही. दारातच उभी राहिली, हाताला पीठ तसंच.

शेगावच्या फलाटावर मी तिला खरंच कचोरी घेऊन दिली. गाडी आली तेव्हा ती म्हणाली, "आता घरी ना?" मी म्हणालो, आधी आगगाडीत बसून पाहू. मुंबईला विमानतळावर ती दमून गेली होती. तिने मला विचारलं, "पप्पा, आपन घरी कवा जाऊन राह्यलो?" मी म्हणालो, "आपन घरीच चाललो." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग पुन्हा काहीच विचारलं नाही. विमानात ती सिंगापूरपर्यंत रडली, आवाज न करता. शेजारच्या बाईंनी तिला बिस्किट दिलं. तिने घेतलं नाही.

मेलबर्नला बायको दोन तास आधीपासून येऊन उभी होती. ती खाली गुडघ्यांवर बसली, हात पसरले. मुलगी माझ्या पायामागे गेली. दोन वर्षं जिची वाट पाहिली ती लेक आपल्याला पाहून लपते, हे बायकोच्या चेहऱ्यावर तेव्हा मला दिसलं. ती हसत राहिली. तसंच हसत ती आम्हाला गाडीपर्यंत घेऊन गेली.

पुढचे पाच-सहा महिने वाईट गेले. मुलगी जेवायची नाही. झोपेतून उठून दाराशी जाऊन बसायची. फोनवर माय दिसली की पाठ फिरवायची. माय हाका मारत राहायची आणि ही भिंतीकडे बघायची. मायने आपल्याला पाठवून दिलं असं तिने मनाशी ठरवलं होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. तिच्या शाळेतून आम्हाला मुलांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी लिहून दिलं: जवळच्या माणसांपासून अचानक तोडल्यामुळे मूल खचलं आहे, जेवण आणि झोप यांवर परिणाम झाला आहे. जे पत्र मी बाबांकडे मागितलं होतं, जवळजवळ त्याच शब्दांत. ते मी घडी करून कपाटात ठेवलं आणि बायकोला म्हणालो, बाबांना सांगू नकोस.

मग ती सावरली. मुलं सावरतात. शाळेत मैत्रिणी झाल्या, इंग्रजी आलं, आईच्या कुशीत झोपायला लागली. 'मले' गेलं, मग मराठीही बरीच गेली. सोनाळ्याचं तिला आता काही आठवत नाही. मी विचारून पाहिलं आहे. कोंबड्या आठवतात का? नाही. संत्र्याची झाडं? फोटोत पाहिली आहेत, म्हणते.

गेल्या डिसेंबरात आम्ही तिघं गावी गेलो. बाबांनी वर्षभर मोबाईलवर ऐकून इंग्रजी बोलायचा सराव केला होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना मराठी शिकवलेला माणूस नातीशी एकेक वाक्य जुळवून इंग्रजीत बोलत होता, आणि ती त्यांना नम्रपणे उत्तरं देत होती. मग दोघं कॅरम खेळायला बसले. माय जवळ बसून नुसती दोघांच्या तोंडांकडे पाहत होती.

एका दुपारी स्वयंपाकघरात ती एकटी होती. मी म्हणालो, "माय, त्या दिवशी तू म्हनत होती तसं सांगाले पाह्यजे होतं मी. चुकलं माह्यं."

ती मेथी निवडत होती. "तुह्यं लेकरू होतं, तू नेलं," ती म्हणाली. "त्याचं काई नाई." मेथीची पुढची जुडी सोडत म्हणाली, "फक्त मले बोलू द्याचं होतं तिच्याशी. दोन मिन्टं."

बाबांशी मला तेवढंही बोलता आलं नाही. निघायच्या दिवशी त्यांच्या पाया पडलो, त्यांनी पाठीवर हात ठेवला. मुलीला मायने जवळ घेतलं. मुलगी तिच्या कानात इंग्रजीत काहीतरी म्हणाली.

"काय म्हनते थे?" मायने मला विचारलं.

"पुढच्या वर्षी येईन म्हनते."

"येजो," माय तिला म्हणाली. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी तिला अर्थ सांगितला.