तळ्यातला फोन आणि सहा आकडे

मी शाळेत विज्ञान शिकवते. लिंबू कापल्यावर त्यातून ‘रक्त’ कसं निघतं, ते दरवर्षी आठवीच्या वर्गात करून दाखवते. आमच्या मराठवाड्यात भानामतीच्या गोष्टींना तोटा नाही, पण माझ्यासमोर कुणी सुरू केली की मी पहिला प्रश्न विचारते – तुम्ही स्वतः पाहिलंत का? म्हणूनच हे लिहायला इतके दिवस धीर होत नव्हता. कारण हे मी स्वतः पाहिलंय... आणि माझ्या नवऱ्यानंही.

आम्ही छत्रपती संभाजीनगरला गारखेड्यात राहतो. माझे मिस्टर संदीप वाळूजच्या एका कंपनीत कॉम्प्युटर विभाग सांभाळतात. माझी आई अजिंठ्याजवळच्या खेड्यातली. मेंढरं राखणारं आमचं घर. तिनं शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण गळा असा की रानात ओवी धरली की पलीकडच्या बांधावरची माणसं हातातलं काम थांबवायची.

तिला लकवा झाला आणि उजवी बाजू गेली. त्याबरोबर वाचाही. मी तिला आमच्याकडे घेऊन आले. समजायचं सगळं, पण तोंडातून ‘आं... आं...’ यापलीकडे काही निघत नव्हतं. मला बोलवायचं असलं की डाव्या हातानं खाटेची कड वाजवायची. असं वर्ष उलटून गेलं. मग स्पीच थेरपीच्या मॅडम म्हणाल्या, “बोलता येत नाही अशा पेशंटला कधीकधी ओळखीचं गाणं म्हणता येतं. त्यांच्याच आवाजातलं काही असेल तर ऐकवून बघा.”

होतं. ती चांगली होती तेव्हा मी मोबाईलवर तिच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या आणि जपून राहाव्यात म्हणून स्वतःलाच ईमेल करून ठेवल्या होत्या. फक्त तो मोबाईल आता हर्सूलच्या तलावात होता. वर्गाला पक्षी दाखवायला नेलं होतं, काठावरून वाकून फोटो घेताना हातातून सटकला. बुडबुडे आले, संपलं.

नवा फोन घेतला, नंबरही तोच मिळाला, पण ईमेल उघडेना. त्या खात्याला डबल सुरक्षा लावलेली होती. पासवर्ड टाकला की सहा आकडी कोड मागायचं, आणि तो कोड देणारं ॲप फक्त बुडालेल्या फोनमध्ये होतं. तो कोडही अर्ध्या मिनिटाला बदलतो. मी खात्याला मोबाईल नंबर जोडलाच नव्हता, बॅकअप कोडही काढून ठेवले नव्हते. कंपनीला किती वेळा लिहिलं... दरवेळी तेच उत्तर – हे खातं तुमचंच आहे याची आम्हाला खात्री करता येत नाही.

“वैशाली, सोडून दे आता,” संदीप म्हणायचे. “हे कुलूप मलाच काय, कुणालाच उघडता येणार नाही. त्यासाठीच बनवलंय ते.”

पण आईचा आवाज त्या कुलपाच्या आत होता. मी कशी सोडणार?

तो रविवार होता, दुपारची वेळ. ऊन रणरणत होतं. आई हॉलमध्ये खाटेवर, कूलरच्या समोर. संदीप पाईप धरून कूलरमध्ये पाणी भरत होते. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसले होते. स्क्रीन माझ्याकडे, आईला फक्त लॅपटॉपची पाठ दिसत होती. पासवर्ड टाकला. कोडची रिकामी चौकट आली. मी त्या चौकटीकडे नुसती बघत बसले.

“सात.”

मला वाटलं, शेजारच्यांचा टीव्ही.

“शून्य. चार.”

मी मान वर केली. आई माझ्याकडे बघत होती. ओठ नीट हलत होते, वाकडे झालेले ओठ... आणि आवाज तिचा. रानात घुमायचा तोच आवाज.

“चार. नऊ. दोन.”

संदीपच्या हातातला पाईप तसाच राहिला, पाणी फरशीवर वाहायला लागलं. मला हलताच येईना. तेव्हा आई वैतागून म्हणाली, “टाक की लौकर, चाललाय त्यो.”

मी टाकले. चौकट गेली, गोल चक्र फिरलं आणि माझं ईमेल उघडलं.

मी खाटेकडे धावले. “आई, बोल ना. अजून बोल. काय म्हणालीस तू?” तिनं तोंड उघडलं. “आं... आं...” डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिच्याही आणि माझ्याही.

संदीपनी नळ बंद करून फरशी पुसून घेतली. मग म्हणाले, “योगायोग म्हणावा तर दहा लाखांत एक. आणि तो कोड ‘चाललाय’ हे आईंना कुणी सांगितलं? मी तर तुलाही कधी धड समजावलं नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक गोष्ट केली. सुरक्षा बदलण्याआधी ते ईमेलमधून बाहेर पडले, परत पासवर्ड टाकला आणि लॅपटॉप घेऊन आईसमोर बसले. “आई, आता कोणता नंबर आहे? सांगा बरं.” आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं हळूच भिंतीकडे तोंड फिरवलं. तिचे खांदे हलायला लागले. मी लॅपटॉप मिटला.

“अहो, बस झालं,” मी म्हणाले. पुन्हा तो विषय आम्ही तिच्यासमोर काढला नाही. आदल्या दिवशी ओव्या लॅपटॉपवर उतरवून घेतल्या होत्या हे नशीब. खातं पुन्हा बंद झालं, ते आजतागायत उघडलेलं नाही.

मी तिला ओव्या रोज ऐकवायचे. ती डोळे मिटून ऐकायची, ओठ हलवायची, पण शब्द आला नाही. मॅडमनी पुष्कळ प्रयत्न केले. डॉक्टरांना त्या दुपारचं सांगितलं तर ते म्हणाले, अशा पेशंटच्या तोंडून कधीतरी अचानक आकडे किंवा शिव्या निघतात. बरोबर असेल. पण तेच आकडे का?

आई गेली. ओव्या आहेत, मी ऐकते. पण मला छळतं ते वेगळंच. कोड कुठून आला, हे कोडं मी एकवेळ बाजूला ठेवीन. ती इतक्या दिवसांनी बोलली, पुन्हा कधीच बोलणार नव्हती... आणि तेवढ्या अवधीत तिनं ना माझं नाव घेतलं, ना कुठं दुखतंय ते सांगितलं, ना पाणी मागितलं. मला हवं होतं तेवढंच दिलं.

तिला ते ठाऊक होतं का – एवढंच बोलता येणार आहे, हे?