दुखवट्याची पट्टी

कुंभकोणमच्या त्या जुन्या प्रोटेस्टंट चर्चचा इतिहास हरिकृष्णराव शिंप्याला कुणी विचारत नसे, तरी तो सांगायचा. भिंतींच्या चुन्यात अंड्याचा पांढरा बलक, गूळ आणि हिरड्याचं पाणी आहे. तुळया सागाच्या. मनोरा किंचित कललाय, पण तो फक्त दारासुरमच्या बसमधून दिसतो. आणि उत्तरेकडच्या सहा खिडक्यांची खालची कड पहिल्या पाद्र्यानं वीतभर वर चढवली, कारण प्रवचन सोडून मंडळी रस्त्यावरून जाणारा देवाचा रथ बघत बसायची! हे सांगताना तो इतका खूश व्हायचा, की गिऱ्हाइकाच्या झंपराचं माप दोनदा घ्यावं लागे.

घरात जुनी तंजावरी मराठी आणि विठ्ठलाची पूजा, पण पाद्र्यांचे झगे चार पिढ्या याच घरात शिवले गेले. चर्चच्या दीडशेव्या वर्षाला नवे पडदे हवे होते. कमिटीची सेक्रेटरी कविता म्हणाली, "तयार पडदे चेन्नईहून मागवू." पाद्री देवसहायम यांनी रदबदली केली म्हणून काम हरिकृष्णाला मिळालं. "मात्र चुकलात, तर झगेसुद्धा चेन्नईहूनच येतील," कवितानं बजावलं. शिवाय दक्षिणेकडच्या जुन्या पडद्यांना खाली काळी पट्टी होती, ती उत्सवात नको, असंही सांगितलं. ती पट्टी नुकत्याच वारलेल्या पाद्र्याच्या दुखवट्याची, असं साठ वर्षांपूर्वी पडदे शिवताना हरिकृष्णाच्या आज्यानंच सांगितलं होतं. तेव्हापासून दक्षिणेला बसणारी माणसं खोकतसुद्धा हळू.

हरिकृष्णानं उत्तरेकडच्या एका खिडकीचं माप घेतलं. तिकडे सावली होती आणि पाद्रीणबाईंची कॉफीही तिकडेच यायची. तेवढ्यावर त्यानं बाराही पडदे बेतले.

शनिवारी दुपारी ते टांगले. उत्तरेचे अगदी बेतशीर बसले. दक्षिणेचे वीतभर तोकडे! हरिकृष्णाच्या तोंडचं पाणी पळालं. रथाची गोष्ट चाळीस वर्षं जगाला सांगितली, आणि नेमकी स्वतः विसरला.

सहाही पडदे उतरवून, जुनेही काखोटीला मारून तो घरी आला. दुखवटा तर दुखवटा, काळी पट्टीच परत लावू म्हणून उसवायला बसला. जुनं कापड कुजलेलं, हातात येताच फाटलं. आणि आतल्या दुमडीत शिसपेन्सिलीनं, आज्याच्या अक्षरात लिहिलेलं दिसलं: "विठ्ठला, झांकून घे."

त्याची बायको विशालाक्षी वाकून वाचू लागली आणि पदर तोंडाला लावून खाली बसली. "दुखवटा नव्हे हो! तुमचे आज्यानींही एकच खिडकी मापिली! झाडून अस्के लोक साठ वर्षां उगेंच माना घालून बसले!"

"हळू बोल," हरिकृष्ण म्हणाला. "आणि तें रेशीम काढ."

"विठ्ठलाचे पीतांबरास ठेविलेलें?"

"त्यासच तर झांकाया सांगिटलें आहे."

रविवारी दक्षिणेच्या खिडक्यांवर सहा पिवळ्या पट्ट्या झळकत होत्या. सगळ्यांदेखत कवितानं विचारलं, "रावजी, हे काय? पट्टी नको म्हटलं होतं ना?"

हरिकृष्णानं हात जोडले. "दुखवटा संपला, अम्मा."

म्हाताऱ्यांनी पदर डोळ्यांना लावले. पाद्री देवसहायम गहिवरून म्हणाले, "इतक्या वर्षांत आम्हाला कुणाला सुचलं नाही!" हरिकृष्णाला मनापासून लाज वाटली. ती प्रार्थना संपेपर्यंत टिकली. मग कवितानं, स्मरणिकेत हे छापायचं म्हणून, त्याच्या आज्याचं नाव विचारून लिहून घेतलं. जाताना पाद्रीसाहेबांच्या नव्या झग्याचं कापडही त्याच्या हातात दिलं.

पिवळ्या पट्ट्यांच्या आत काय आहे, ते एका विशालाक्षीला ठाऊक. सहाही दुमडींत शिसपेन्सिलीनं लिहिलंय: "विठ्ठला, पुन्हां झांकून घे." आणि खाली, पुढं कधीतरी घाम पुसत ती पट्टी उसवणाऱ्या नातवासाठी: "दोन्ही बाजू मापायच्या होत्या रे."