मखमली वाघाच्या पोटातलं धान

लग्नानंतरची काही वर्षं आम्ही मूल गावी भाड्याच्या घरात होतो. शेजारी एक आपा राहायच्या. त्यांचे मियाँ शिंपी, आणि लग्नातल्या बँडवाल्यांचे मखमली कोट शिवावेत तर त्यांनीच. त्यामुळे आपांच्या घरात पिवळ्या-लाल मखमलीच्या कातरणांची गाठोडी कायम पडलेली असायची.

माझी मुलगी तेव्हा रांगत होती. एका दुपारी आपांनी तिच्यासाठी पिवळ्या मखमलीचा वाघ बेतला. मी काळ्या अस्तराचे पट्टे लावले, कोटाची दोन पितळी बटणं डोळे म्हणून शिवली, आणि राइस मिलमधून पिशवीभर धानाचा कोंडा आणून आम्ही दोघींनी तो गच्च भरला. वाघ टेकू न देता बसला. चेहरा मात्र पंगतीत पोटभर जेवून उठलेल्या पाहुण्यासारखा झाला होता.

मुलीच्या हाती तो पडायच्या आधीच माझ्या नवऱ्याची मावशी आली. ती घुग्घुसला सिमेंट कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायची. हातानं केलेल्या बाहुल्या आणि प्राणी जमवायचा तिला नाद होता. बैठकीच्या खोलीत त्यांचं काचेचं शोकेस होतं. वाघ बघितला आणि तिनं तो सरळ पिशवीतच टाकला. "असा वाघ माझ्याकडे नाही," म्हणाली. आपांनी मान डोलावली, आणि दिवसभर त्यांचा पाय जमिनीवर नव्हता.

श्रावणात मावशी बसनं पुन्हा आली. चहाला नाही म्हणाली, पिशवीतून वाघ काढला आणि आमच्या दोघींसमोर ठेवला.

"हा उगवला आहे," ती म्हणाली.

खरंच उगवला होता. पोटाच्या शिवणीतून हिरवेगार कोंब डोकावत होते, आणि एक पार शेपटीच्या मुळाशी. काळ्या पट्ट्यांचा रंग सगळ्या अंगभर उतरला होता.

"याले पाण्यात टाकलं का तुमी?" आपांनी विचारलं.

"घुग्घुसची धूळ तुम्हाला माहीत नाही. शोकेसच्या काचेतूनही आत जाते. राखाडी झाला होता, म्हणून बादलीत भिजवला आणि व्हरांड्यात वाळत घातला. पावसानं वाळेचना."

आपांनी एक कोंब उपटून बघितला. "कोंड्यात धान राहून गेलं," त्या म्हणाल्या. "पऱ्हे चांगले हायेत पण. शेतातल्या बांधीत लावले तं लागतीन."

मावशीला हसू आवरेना. मग तिनं चहा घेतला आणि जाताना बजावलं, "दुसरा करून द्या. पण पीक नको."

तिथून आमची खरी शाळा सुरू झाली. कोंडा बाद. आपांच्या मियाँनी ओळखीतल्या कोणाकडून तरी सावरीचा कापूस आणला, जंगलातला, रेशमासारखा. आम्ही पोतं उघडलं आणि पंखा बंद करायला विसरलो. कापूस घरभर उडाला, तिथून पुढच्या खोलीतल्या मियाँच्या दुकानात गेला, आणि एका नवरदेवाच्या काळ्या कोटावर जाऊन बसला. मियाँ शिंकत दारात आले. "तुमचा वाघ घरात राहीन, का मी राहीन?" त्यांनी शांतपणे विचारलं. आपांनी विचार करायला जरा जास्तच वेळ घेतला. शेवटी पिंजाऱ्याकडून गादीचा साधा कापूस पिंजून आणला आणि दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात टाकला. मखमल आणि अस्तर मिठाच्या पाण्यात बुडवून रंग जातो का, तेही आधी बघून घेतलं.

नवा वाघ तयार झाला. मुलीनं तो ओढला, मीही म्हटलं खेळू दे जरा, आणि भाकरी थापायला वळले. मागे वळून बघते तर तिचं तोंड मिटलेलं, गाल फुगलेला, आणि वाघ एका डोळ्याचा.

आपा दारातच होत्या. त्यांनी तिला मांडीवर घेतलं, गाल दाबून तोंड उघडलं आणि दिसत असलेलं बटण बोटानं अलगद बाहेर ओढलं. पोरगी रडली ती बटण गेलं म्हणून. मी रडले ते वेगळ्याच कारणानं.

आपांनी बटण पदराला पुसलं. मग म्हणाल्या, "मी म्हनत होती, दोरा मजबूत हाय. दोऱ्याचं काय खरं बाई. आता डोळे भरतकामाचे. शोकेसमधी जाणार असला तरी."

त्या दिवसापासून त्यांचे नियम कडक झाले. डोळे, नाक, मिशा सगळं धाग्यानं भरायचं. शिवण दुहेरी घालायची, मग शेपटीला धरून वाघ लोंबकळवायचा. पोट शिवायच्या आधी फुटक्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक कापसावरून फिरवायचं, म्हणजे एखादी टाचणी राहिली असली तर चिकटून येते. एकदा खरंच आली. आपांनी ती मियाँना नेऊन दाखवली, जणू शिकारच केली होती.

भरतकामाचे डोळे मात्र आम्हाला नीट जमले नाहीत. वाघ थोडा चकणा झाला. तो घेऊन आम्ही दोघी बसनं घुग्घुसला गेलो. मावशीनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हा कुठे बघतो आहे?"

"दोन्हीकडं," आपा म्हणाल्या. "जंगलात तसंच पाह्यजे." मग लगेच कामाचं सांगायला लागल्या. "याले धुवाचं नाई. मऊ ब्रशनं धूळ झाडा, लई मळला तं ओल्या फडक्यानं पुसा आन् सावलीत सुकवा. शोकेसमधी कडुनिंबाचा वाळला पाला ठेवा, कसर नाई लागत."

मावशीनं वाघ शोकेसच्या मधल्या फळीवर बसवला.

दिवाळीनंतर आम्ही परत गेलो तेव्हा मधली फळी रिकामी होती. मावशी जरा ओशाळली. तिचा नातू सुट्टीला आला होता आणि वाघाला घेतल्याशिवाय झोपत नव्हता. आतल्या खोलीत तो पलंगावर जागाच पसरला होता, वाघ बगलेत, वाघाचा एक कान लाळेनं ओला.

"म्हटलं, चघळण्यासारखं त्याच्यावर काही नाही," मावशी म्हणाली, "म्हणून दिला."

आपा पलंगाच्या कडेला बसल्या. त्यांनी सगळ्या शिवणी बोटांनी चाचपून बघितल्या. शेपटीजवळचा एक टाका उसवला होता. त्यांनी सुईदोरा मागितला. पोरगा वाघाचं डोकं सोडायला तयार नव्हता, म्हणून त्यानं डोकं धरून ठेवलं आणि आपांनी शेपूट शिवली.