जिन्याची पाटी

नेटा मॅकफेलच्या दाराच्या मुठीला पुन्हा तीच पाटी लटकत होती: ‘जिना धुण्याची पाळी तुमची.’ काल संध्याकाळीच तिने ती समोरच्या डंकनच्या दाराला अडकवली होती. अडकवली होती ना? की अडकवायची असं नुसतं मनात आलं होतं?

स्कॉटलंडमधल्या किलमार्नॉक गावाच्या कडेची ही वस्ती. कुठल्या रंगाचा कचऱ्याचा डबा कुठल्या सोमवारी बाहेर काढायचा, यावरून इथे शेजारी शेजाऱ्याशी बोलणं टाकतो. जिन्याच्या पाटीवरून मात्र कधी वाद नाही. एका मजल्यावर दोन घरं, एक आठवडा याचा, एक त्याचा. धुऊन झालं की पाटी समोरच्या दाराला. नेटा आणि डंकनची बायको मोराग यांनी उभा जन्म हा नेम पाळला. मोराग गेली तशी पाळी डंकनकडे आली. त्यानेही कुरकुर केली नाही.

पण महिनाभर नेटाला काही कळेनासं झालं होतं. जिना धुवावा, पाटी द्यावी, आणि सकाळी पाटी पुन्हा आपल्याच दाराला! पहिल्यांदा तिने कपाळावर हात मारून घेतला आणि जिना परत धुतला. नंतर मात्र तिची पाचावर धारण बसली. थोरल्या बहिणीचं, जीनचं, असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या, मग नावं, मग चहाची किटली फ्रिजमध्ये.

त्यात बावळटासारखं तिने हे मुलाला फोनवर सांगून टाकलं. कॅलमला तेवढंच हवं होतं.

“आई, रविवारी येतो. तो वृद्धाश्रम नुसता बघून येऊ.”

“नुसता बघायला तो काय पडद्याचा कपडा आहे?”

“चिडू नकोस गं. विसरतेस, हे तूच म्हणालीस.”

हे घर सोडायचं या विचाराने तिला अन्न गोड लागेना.

शुक्रवारी दुपारी तिने जिना घासूनपुसून धुतला, पाटी डंकनच्या दाराला अडकवली आणि स्वतःलाच ऐकवत मोठ्याने म्हणाली, “अडकवली.” मग घरात शिरून ओली बादली हातात तशीच धरून दाराआड उभी राहिली. या वयात चोरावर पाळत ठेवल्यासारखं उभं राहायची तिला लाज वाटत होती, आणि चोर बहुधा आपणच, ही धाकधूक वेगळीच.

समोरचं दार उघडलं. सपातांचा आवाज जवळ आला. मूठ खडखडली तसं नेटाने धाडकन दार उघडलं.

पाटी हातात धरून डंकन उभा होता.

“ही इकडे कशी रे?”

“तुझी पाळी म्हणून. मी आत्ताच धुतला की जिना. बघ, अजून ओला आहे.”

जिना ओला, पाटी आपल्या दाराला, म्हणजे आपणच धुतला असणार. एवढाच त्याचा हिशेब. हात मात्र कोरडे ठणठणीत.

नेटाच्या छातीवरचा धोंडा उतरला. आपलं डोकं ठिकाणावर आहे! आता कॅलमला चांगलं फैलावर घ्यायचं. मग तिचं लक्ष डंकनकडे गेलं. स्वेटरची बटणं वरखाली लावलेली, आणि चेहरा शाबासकीची वाट बघत असलेला. आपल्याला आनंद झाला याची तिला शरम वाटली. त्यालाही ग्लासगोला एक मुलगी होती, आणि तीही दर रविवारी यायची.

नेटाने बादली हळूच खाली ठेवून पायाने दाराआड सरकवली.

“छान धुतलास,” ती म्हणाली. “मला मेलीलाच हल्ली पाळी लक्षात राहत नाही. आता दर शुक्रवारी दोघं मिळूनच धुऊ या का? पाटी ठेवते माझ्याकडे.”

डंकनने जिन्यात वरखाली पाहिलं, कुणी नाही याची खात्री केली आणि जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, “बरं झालं, तूच विषय काढलास. महिनाभर बघतोय मी. तू विसरतेस, नेटा. पण काळजी करू नकोस, कॅलमला मी काही सांगायचा नाही.”