भट्टीवरची तोफ

माझ्या धाकट्या जावेला बिस्किटांच्या कारखान्यात सगळे ‘तोफ’ म्हणत, आणि तिला ते आवडे. मला अजून राग येतो. त्यात आवडण्यासारखं काय होतं?

भट्टी तिच्या ताब्यात. अठरा मीटर लांब, बोगद्यासारखी. कच्ची बिस्किटं एका टोकाला सरकत्या पट्ट्यावर चढत, दुसऱ्या टोकाला भाजून उतरत. पट्टा मिनिटाला तीन मीटर, म्हणजे बिस्किट आत सहा मिनिटं. “वेग ठरलेला, अंतर ठरलेलं, मग वेळ जाईल कुठे?” असं ती नव्या माणसांना ऐकवी, जणू शोध हिनेच लावला.

एका सकाळी बिस्किटं पांढरीफटक, पिठूळ उतरू लागली. तोफ थेट पट्ट्याची मोटर बघणाऱ्या मिस्त्रीवर धडाडली.

“पट्टा पळवलास ना? घरी जायची घाई?”

“बाई, मी हातही लावला नाही.”

“मग काय बिस्किटं रुसून कच्ची राहिली? चोर कुठला!”

मालकांनी माल पाहिला. “उद्यापासून हा नको,” म्हणाले. मिस्त्रीला दोन लहान मुली. त्याने डबा उचलला.

त्याला पुरतं खोटं पाडायला तिने पट्ट्यावर खडूची खूण केली, घड्याळ धरलं. मिनिटाला बरोब्बर तीन मीटर! मग ती भट्टीच्या कडेने हात लावत निघाली. शेवटचे सहा मीटर थंडगार. गॅस गळतो म्हणून तिथले बर्नर आदल्या दिवशी हिनेच बंद करवले होते. म्हणजे तापलेलं अंतर उरलं बारा मीटर. तीनच्या वेगाने ते चार मिनिटांत संपणार. सहा मिनिटं राखायला पट्टा दोनवर आणायला सांगणं हिचं काम. हिने थंड भागही हिशेबात धरला.

उरलेला पगार घ्यायला थांबलेल्या मिस्त्रीला तिने दुपारी फाटकाबाहेर गाठलं. हळूच म्हणाली, “माझंच चुकलं रे. मालकांशी बोलते, ये आत.”

“सकाळी तर सगळ्या कारखान्याला ऐकू आलं होतं, बाई,” तो म्हणाला. “आत्ताचंही आत येऊन तसंच सांगा, मग येतो.”

ही पाठ फिरवून एकटीच आत गेली. तो निघून गेला.

घरी येऊन मला म्हणते, “ताई, किती ताठा हो माणसाला!”

“ताठा त्याला?” मी म्हणाले. “गणित चुकलीस, ते एक वेळ सोडते. पण चोर म्हणालीस चारचौघांत आणि चूक कबूल केलीस कुजबुजत! ऊठ, आधी मालकांकडे जा.”

ती उठली नाही. चहा मागितला. मी दिला नाही.