अक्काची खीर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मैत्रिणीला नाही, देवापुढे उभी राहूनही नाही — तिथे तर मुळीच नाही. मग तुम्हालाच का सांगतेय? ठाऊक नाही. पण बसा जरा.

मी आहारतज्ज्ञ आहे. कोल्हापुरात माझा दवाखाना आहे, आणि शाकाहारातून पुरेशी प्रथिनं मिळतात का, यावर मी कुठेही, कितीही वेळ बोलू शकते. प्रथिनं ज्या घटकांची बनतात, त्यांतलं लायसिन भातात कमी, मिथिओनिन डाळीत कमी. एकाची उणीव दुसरं भरून काढतं. दोन्ही एकाच ताटात हवीत असंही नाही, दिवसभरात पोटात गेली की झालं. डाळीतलं प्रथिन दुधातल्याइतकं सहज अंगी लागत नाही, म्हणून ती थोडी जास्त खायची. एवढं सांगून झालं की मी अक्काचं उदाहरण देते. लोक टाळ्या वाजवतात. आणि मी — मी पाणी पिते.

अक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला तिनंच वाढवलं. आम्ही जैन, पण अक्का घरात सगळ्यांत कडक. कंदमुळं नाहीत, मोड आलेली कडधान्यं नाहीत, सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंब नाही. द्विदल तर नाहीच — म्हणजे डाळीचा पदार्थ आणि दही-ताक एका घासात चालत नाही.

सहा वर्षांपूर्वी ती बस्तीच्या, म्हणजे आमच्या मंदिराच्या, पायरीवरून घसरली. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि जखम काही भरेना. डॉक्टर म्हणाले, प्रथिनं वाढवा. मला म्हणाले — मला! मी आमटी-भात केला, मध्ये वेगळं दूध दिलं. ती दोन घास घ्यायची आणि ताट सरकवायची. जखम चिघळायला लागली. मी घाबरले होते, हे खरं. पण नुसती घाबरले होते का?

व्यायाम करणाऱ्या पोरांना पावडरी विकणाऱ्या दुकानात गेले. तिथून मी — सांगतेच आता — अंड्याच्या पांढऱ्या भागाची पावडर आणली. दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यात भरली. नाचणीच्या कोमट खिरीत कालवली, वर वेलदोडा जरा सढळ हातानं.

"पद्मे, वास येगळा येतोय की गं," अक्का म्हणाली.

"दुधाचीच पावडर हाय अक्का, ताकदीची."

तिनं खाल्ली. वाटी पुसून खाल्ली. पुढे महिनाभर, रोज.

जखम भरली. अक्का हिंडू-फिरू लागली आणि बस्तीत सगळ्यांना सांगत सुटली, की बघा, मी डाळभातावर उभी राहिले. तिथूनच ते माझ्या व्याख्यानात आलं. बायका येऊन माझे हात धरतात.

तिचा जीव वाचवायला केलं — किती वेळा समजावलं मी स्वतःला! पण तुमच्याशी तरी खोटं कशाला बोलू? अंड्याची गरजच नव्हती. मुगाचं कढण, पनीर, दूध, दाण्याचं कूट, दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं, कुणीतरी शेजारी बसून, गोड बोलून भरवायला हवं होतं. मला हे दुसऱ्या कुणाहीपेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण दवाखाना जोरात चालला होता आणि मला बसायचा कंटाळा आला. शिवाय तिच्या त्या नियमांचा राग यायचा. खीर ढवळताना मनात काय आलं होतं, सांगू? "खा आता." आणि मला बरं वाटलं होतं. इतकी वर्षं लपवलं ते हे.

गेल्या महिन्यात अक्कानं पुढच्या पायरीचं, आणखी कडक व्रत घ्यायचं ठरवलं. मी तिला मुनिमहाराजांकडे घेऊन गेले. त्यांनी विचारलं, खाण्यापिण्यात कधी दोष घडलाय का? घडला असेल तर आधी प्रायश्चित्त घ्यावं लागेल.

अक्का ताठ बसली. "जन्मात न्हाई, महाराज. हिला इचारा की. आजारपणात हिच्या हातचंच खाल्लंय मी."

महाराजांनी माझ्याकडे पाहिलं. अक्कानंही पाहिलं, हसत.

"न्हाई महाराज," मी म्हणाले. "कधीच न्हाई."

माझ्या त्या शब्दावर अक्कानं व्रत घेतलं.