फ्रिजवर घेतलेला संशय

रेल्वेच्या पार्सल ऑफिसात माझं काम एकच. आलेल्या नगाचं सील शाबूत आहे की नाही, ते बघायचं. वीस वर्षं हेच केलं, त्यामुळे असेल, पण कुणी सरळ काही सांगितलं तरी माझ्या मनात पाल चुकचुकते. घरचे म्हणतात, ही बुद्ध पौर्णिमेची खीरही वास घेऊन खाते. म्हणू देत. खाते.

माझ्या दादाला जन्मापासून हिमोफिलिया. रक्त गोठायला लागणारं एक प्रथिन, ज्याला सगळे फॅक्टर म्हणतात, ते त्याच्या अंगात बनतच नाही. जरा पाय मुरगळला की गुडघ्यात आतल्या आत रक्त साचतं. दवाखान्यातून फॅक्टरच्या बाटल्या मिळतात, त्या रायपुरात गुढियारी भागातल्या त्याच्या घरी फ्रिजमध्ये असतात. वहिनी शीर शोधून इंजेक्शन द्यायला शिकली आणि मग बरीच वर्षं सुखात गेली. दादा शिलाईचं काम करतो, पायाच्या मशीनवर.

मागच्या हिवाळ्यात त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. तेव्हा कितीतरी दिवस फॅक्टर भरभरून दिलं. उन्हाळा लागला आणि ते लागू पडेनासं झालं. इंजेक्शन दिलं तरी गुडघा भोपळ्यासारखा सुजलेलाच. दवाखान्यातले म्हणाले, असंच चाललं तर सांधा कायमचा आखडेल. दादा मशीनकडे बघत बसायचा. मला रडू यायचं, आणि मला रडू आलं की आधी राग येतो.

मी दवाखान्यातल्या कंपाउंडरवर संशय घेतला. मग बाटल्यांवर घेतला, एकेकीची तारीख वाचली, बूच नखानं खरवडून पाहिलं. दादा हसला. "तू पोलिसात जायले पाह्यजे होती."

मग माझी नजर फ्रिजकडे गेली. वहिनी घरी कुल्फी करून विकायची. पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, पोरं दिवसभर दारात, आणि फ्रिजचं दार उघड-बंद, उघड-बंद. बाहेर रायपूरचा मे महिना. औषध थंड राहील कसं?

मी मागचापुढचा विचार केला नाही. भर घरात म्हणाले, "वहिनी, तुमच्या कुल्फीपायी माह्या भावाचा पाय चालला."

दुसऱ्या दिवशी वहिनीनं कुल्फीचे साचे शेजारणीला देऊन टाकले.

खात्री करून घ्यायची म्हणून दवाखान्यातून नव्यानं मिळालेल्या बाटल्यांतल्या दोन मी परस्पर बूढापाऱ्यात माझ्या घरी नेल्या, बर्फाच्या थर्मासमधून. माझ्या फ्रिजमध्ये ठेवल्या, दाराला चिकटपट्टी लावली. दूधसुद्धा बाहेर ठेवलं. पुढच्या वेळी गुडघा भरला तेव्हा त्याच बाटल्या घेऊन गेले आणि डोळ्यांसमोर वहिनीला द्यायला लावल्या.

सूज तसूभरही उतरली नाही.

म्हणजे मला कळलं होतं. फ्रिजचा दोष नव्हता, वहिनीचा नव्हता. तरी मी मूग गिळून बसले. दवाखान्यानं रक्त तपासायला पाठवलं होतं, रिपोर्ट यायला पंधरा दिवस लागले. पंधराही दिवस बसले. नणंद म्हणून मिरवायची सवय झालेली, ती मोडवेना. दुसरं काही कारण नव्हतं.

रिपोर्ट आला तेव्हा आम्ही तिघंही डॉक्टरांसमोर होतो. ते म्हणाले, औषध चांगलंच होतं, पण दादाच्या शरीरानं त्याला शत्रू ठरवलंय. बाहेरून फॅक्टर आत आलं की शरीरातल्या अँटिबॉडी त्याचा फडशा पाडतात. याला इनहिबिटर म्हणतात. आता थोडं थोडं फॅक्टर दिवसाआड, महिनोन्‌महिने देत राहायचं, म्हणजे शरीराला त्याची सवय होते. तोवर रक्त थांबवायला दुसरं इंजेक्शन.

"नक्की होते सवय?" मी विचारलं.

"पुष्कळदा होते. नक्की नाही सांगता येत."

दादानं मोबाईलवर जीन थेरपीचं वाचलं होतं. निकामी केलेल्या विषाणूवर चांगलं जनुक लादून यकृतात पाठवायचं, मग शरीर स्वतःच फॅक्टर बनवतं. "वो एक ही बार देना पड़ता है न, सर?" त्यानं विचारलं. मी त्याला घरी म्हटलंही होतं, अंगात विषाणू सोडून राह्यले अन् तू खुश होऊन राह्यला? पण डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. इनहिबिटर आहे तोवर सध्या तरी नाही. आधी ही सवय लागू दे. दादाचा चेहरा पडला, आणि माझ्या त्या बोलण्याची मला लाज वाटली.

मग वहिनीनं तोंड उघडलं. "सर, फ्रिजमुळे झालं का हे?"

"नाही हो. फ्रिजचा काय संबंध?"

ती खाली बघत होती. इतके दिवस ही बाई स्वतःलाच दोषी समजून जगली होती. बाहेर व्हरांड्यात मी तिला गाठलं आणि सांगून टाकलं, थर्मास, चिकटपट्टी, सगळं. "मले आधीच माहीत होतं, वहिनी. मी बोलले नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "काहून, ताई?" एवढंच म्हणाली.

आता दिवसाआड संध्याकाळी मी तिकडे जाते. अजून तरी दादाच्या शरीरानं हट्ट सोडलेला नाही. वहिनी बाटली काढते आणि इंजेक्शन भरायच्या आधी माझ्यासमोर धरते. तारीख, बूच, बाटलीचा गारवा. "पाहून घ्या, ताई." आवाजात राग नाही, काहीच नाही. ती साधेपणानं म्हणते की मला टोचायला, ते मला अजून ओळखता येत नाही.

परवा मी म्हटलं, "वहिनी, नका दाखवू आता."

"नाही ताई," ती म्हणाली, "उद्या काही झालं तर?"